घरच्या ध्वनिसंचाचे विद्युतजोड: तपासणी आणि स्वच्छतेच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

बैठकीच्या खोलीतल्या ध्वनिसंचाचे सर्व विद्युतजोड तपासून त्यातले जे खराब ठरतील तेवढेच स्वच्छ करण्याचे काम आज हाती घेतले. दर चॅनेलला ४० वॅटचा, बाबांनी १९८० च्या दशकात घेतलेला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर, पट्ट्यावर फिरणारा टर्नटेबल आणि त्यावरचे मूव्हिंग मॅग्नेट जातीचे (सुईबरोबर हलणाऱ्या चुंबकाचे) कार्ट्रिज, म्हणजे तबकडीतला आवाज विजेत बदलणारा सुईचा भाग, एक सीडी प्लेयर आणि ८ ओहमचे दोन स्पीकर एवढा हा संच आहे. घर रत्नागिरीत, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाचे चार महिने खारी, दमट हवा घरात खेळत असते. तांबे, पितळ, चांदी आणि निकेल या चारही धातूंना ही हवा मानवत नाही, आणि ध्वनिसंचातला जवळजवळ प्रत्येक जोड याच धातूंचा असतो.

तक्रारी चार आहेत. आवाज अगदी लहान ठेवला की डावी बाजू हळूहळू मावळते आणि आवाज वाढवला की एकदम परत येते. व्हॉल्यूमची खुंटी फिरवताना खरखर ऐकू येते. टर्नटेबल लावला की मागे सतत घुमारा राहतो. आणि उजव्या स्पीकरची तार हलवली तर त्या बाजूचा आवाज क्षणभर बदलतो. तानपुऱ्याची तबकडी लावली की पहिली तक्रार फार जाणवते, कारण तानपुऱ्याच्या नादात खंड नसतो आणि एक बाजू किंचित जरी खाली गेली तरी सगळा नाद एका अंगाला कलतो.

धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात तेव्हा ते सबंध टेकत नाहीत. कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि विजेचा प्रवाह त्या मोजक्या उंचवट्यांतूनच पलीकडे जातो. त्या ठिकाणी ऑक्साइड, सल्फाइड किंवा क्लोराइडचा थर साचला की वाट आणखी अरुंद होते. त्याहून वाईट म्हणजे ती वाट स्थिर राहत नाही. तापमान बदलले, खोलीत कोणी चालले, तार हलली, की रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा (तो ओहममध्ये मोजतात), बदलतो. म्हणून जोडाचा रोध किती आहे याच्याबरोबरच तो स्थिर आहे का, हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारणार आहे.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

स्वच्छतेला हात लावण्याआधी मोजमापे घेतली. आधीचे आकडे नसतील तर नंतर आवाज सुधारला असे वाटणे आणि तो खरोखर सुधारणे यांत फरक करता येत नाही, कारण दिवसभर खपल्यावर कानाला सुधारणा ऐकण्याची इच्छा असतेच.

सीडीवर २०० हर्ट्झचा शुद्ध स्वर भरून घेतला. इतका खालचा स्वर घेण्याचे कारण असे की साधे मल्टिमीटर वरच्या वारंवारतेचे व्होल्टेज नीट दाखवत नाहीत. स्पीकर जोडलेले ठेवून ॲम्प्लिफायरच्या मागच्या टर्मिनलांवर मापन केले. मध्यम आवाजाला उजवीकडे १.९८ व्होल्ट आणि डावीकडे १.५२ व्होल्ट मिळाले. म्हणजे डावी बाजू सुमारे २.३ डेसिबलने कमी भरली. आवाज लहान केल्यावर उजवीकडे ०.१० व्होल्ट स्थिर राहिले, डावीकडचा आकडा मात्र ०.०२ आणि ०.०६ यांच्यामध्ये हेलकावत राहिला.

यानंतर सीडी प्लेयरकडून येणाऱ्या डाव्या व उजव्या आरसीए पिनांची (मध्ये पिन आणि बाहेर कडे असलेल्या केबलच्या जोडांची) ॲम्प्लिफायरच्या बाजूला अदलाबदल केली. दोष डावीकडेच राहिला. याचा अर्थ सीडी प्लेयर आणि त्याची केबल यांचा त्यात काही संबंध नाही, दोष ॲम्प्लिफायरच्या आत आहे. हीच अदलाबदल टर्नटेबलच्या बाबतीत केली, तेव्हा घुमारा दोन्ही बाजूंना सारखाच होता आणि तो टर्नटेबलच्या स्वतंत्र ‘अर्थ’ (अर्थिंगच्या) तारेचा फाटा दाबून धरल्यावर कमी झाला. कोणतेही द्रावण न वापरता, केवळ पिना बदलून दोषाची जागा इतकी आक्रसते, हे या कामातले सर्वांत मोलाचे तंत्र आहे.

स्पीकरच्या तारांसाठी वेगळी पद्धत लागली. मल्टिमीटरच्या स्वतःच्या दोऱ्यांचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम असतो, त्यामुळे ओहमच्या पट्टीवर जोडाचा रोध मोजण्यात अर्थ नाही. त्याऐवजी जोडातून ठरावीक प्रवाह सोडून त्यावरचे व्होल्टेज मोजावे. ॲम्प्लिफायर बंद केला, तारेचे दुसरे टोक स्पीकरवरून सोडवले आणि प्रवाहमर्यादा असलेल्या वीजपुरवठ्यातून टर्मिनलच्या धातूपासून तारेतून नेमका १ अँपिअर एकदिश (डीसी) प्रवाह फिरवला. ॲम्प्लिफायर बंद असताना त्याचा रिले (स्पीकरकडची वाट आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) उघडा असतो, त्यामुळे हा प्रवाह आत शिरत नाही. टर्मिनलचा धातू आणि त्याच्या पुढेच टाचणीने टोचलेले तारेतले तांबे यांच्यामधले व्होल्टेज वाचले. १ अँपिअरला जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिओहम. तीन जोडांवर ३ ते ५ मिलिव्होल्ट आले. उजव्या बाजूच्या लाल टर्मिनलवर १८० मिलिव्होल्ट आले, आणि तार हलवली की तो आकडा २५० पर्यंत चढे.

०.१८ ओहम हा आकडा दिसायला किरकोळ आहे. पण दीड चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१३ ओहम असतो. माझी तार पाच मीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटरचा रोध ०.१३ ओहम होतो. एकट्या त्या स्क्रूखाली संपूर्ण तारेपेक्षा जास्त रोध बसला होता.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार

आज दसरा. सकाळी पूजा झाल्यावर साहित्याची जुळवाजुळव केली.

मुख्य द्रावण म्हणून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले. औषधांच्या दुकानातले ७० टक्क्यांचे मिश्रण येथे चालत नाही, कारण त्यातले पाणी जोडात मागे राहते. शिवाय ऑक्साइड विरघळवून वर पातळ संरक्षक थर सोडणारा कॉन्टॅक्ट क्लीनर, धागे न सुटणारा सुती कपडा, कापसाच्या काड्या, लाकडी दातकोरणी आणि पेन्सिलीचा साधा खोडरबर घेतला. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा-पिवळा डबा मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. तो ओल हटवण्यासाठी आणि गंजलेले स्क्रू सोडवण्यासाठी चांगला आहे, पण मागे राहणारे त्याचे तेल व्हॉल्यूम कंट्रोलच्या कार्बनच्या पट्टीवर धूळ धरून ठेवते.

पितळी समई उजळायला आपण चिंच किंवा आमसूल वापरतो, म्हणून तारेची टोकेही तशीच उजळावीत असे सुचवणारे अनेक जण भेटतात. आम्ल ऑक्साइड काढते हे खरेच आहे. पण समई खळखळून धुता येते, आणि वळलेल्या तारेच्या बारीक धाग्यांमध्ये शिरलेले आम्ल मात्र धुऊन निघत नाही. ते तेथे तांबे खात राहते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत हिरवा कळंक पहिल्यापेक्षा दाट होतो. धातू चमकवण्याची पेस्टही याच कारणाने टाळावी, कारण तिच्यातली बारीक भुकटी फटीत अडकून बसते.

काम सर्वांत नाजूक सिग्नलपासून सुरू केले. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज सुमारे ५ मिलिव्होल्ट देते, तर सीडी प्लेयर पूर्ण पातळीला २ व्होल्ट देतो, म्हणजे चारशे पट जास्त. शिवाय तबकडी कापताना खालचे स्वर दाबलेले असतात आणि ॲम्प्लिफायरमधला टर्नटेबलसाठीचा फोनो विभाग ते पुन्हा उचलतो. तबकड्यांसाठी ठरलेल्या आरआयएए वक्रानुसार ५० हर्ट्झला ही उचल १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबल, म्हणजे जवळजवळ सातपट असते, आणि आपल्याकडच्या घरगुती विजेची वारंवारताही नेमकी ५० हर्ट्झच आहे. टर्नटेबलच्या एका सैल जोडातून शिरलेला घुमारा इतका मोठा का होतो, याचे उत्तर या दोन गोष्टींच्या गुणाकारात आहे.

हेडशेल (कार्ट्रिज बसवलेला पुढचा तुकडा) काढून त्यामागच्या चार पिना आणि टोनआर्मच्या (तो धरणाऱ्या दांडीच्या) टोकातले चार स्प्रिंगदार संपर्क अल्कोहोलच्या काडीने पुसले. काडीवर राखाडी डाग आले. कार्ट्रिजच्या चार तारा एकेक करून सोडवल्या: पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. क्लिप ओढताना तार न धरता धातूची क्लिप बारीक चिमट्याने धरावी, नाहीतर केसासारखी तार तुटते. क्लिपच्या आतला भाग अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या दातकोरणीने साफ केला. मल्टिमीटर ओहमवर ठेवून कार्ट्रिजची गुंडाळी मात्र तपासली नाही. मीटरचा प्रवाह त्या सूक्ष्म तारेतून आणि चुंबकाभोवतून फिरवण्याचे काहीच कारण नसते.

घुमाऱ्याचे मूळ अपेक्षेप्रमाणे अर्थ तारेच्या थिंबलमध्ये (टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडतुकड्यात) निघाले. ते थिंबल काळपट झाले होते आणि ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूच्या वॉशरखाली मिठासारखी पांढरट पूड होती. स्क्रू, वॉशर आणि थिंबल तिन्ही खोडरबराने घासून, अल्कोहोलने पुसून, घट्ट आवळले. घुमारा आता आवाजाची खुंटी तीन-चतुर्थांश फिरवल्यावरच कानाला लागतो, आणि तेवढ्या आवाजात कोणी तबकडी ऐकत नाही.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

आरसीए जोड. पिन उपसण्याआधी ॲम्प्लिफायर बंद केलाच पाहिजे. या जोडाच्या रचनेत मधली पिन आधी टेकते आणि बाहेरचे कडे नंतर, त्यामुळे चालू संचात पिन घातली तर परतीची वाट मिळेपर्यंत स्पीकरमधून मोठा गुरगुराट निघतो, आणि तो ट्विटरला (वरचे स्वर देणाऱ्या छोट्या स्पीकरला) घातक ठरू शकतो.

निकेलचा मुलामा असलेल्या पिना खोडरबराने हलकेच घासल्या आणि त्याचे कण पुसून टाकले. सीडी प्लेयरच्या केबलच्या पिनांवर सोन्याचा मुलामा आहे. तेथे खोडरबर लावला नाही, नुसते अल्कोहोल वापरले, कारण तो मुलामा मायक्रॉनच्या अंशाइतका पातळ असतो आणि एकदा झिजला की खालचा धातू उघडा पडतो. टर्नटेबलच्या एका पिनेचे बाहेरचे कडे सैल होते. ते पकडीने अगदी थोडे आत दाबून घट्ट केले. सैल कडे कितीही पुसले तरी जोड चांगला होत नाही, दाब हा स्वच्छतेइतकाच महत्त्वाचा आहे.

सीडी प्लेयरचे जोड पुसण्यापूर्वी आणि पुसल्यानंतर घेतलेल्या आकड्यांत काहीही फरक पडला नाही, आणि तो पडण्याचे कारणही नव्हते. ॲम्प्लिफायरच्या आत जाणाऱ्या सिग्नलला दहा हजारांहून अधिक ओहमचा रोध भेटतो. त्यासमोर जोडाचा अर्धा ओहम असला काय आणि नसला काय, सारखेच. जो जोड मुळात चांगला आहे तो पुसल्याने आवाजात ‘पारदर्शकता’ येते असे सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. महागड्या केबलींबद्दलही माझे हेच मत आहे.

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

ॲम्प्लिफायर उघडला. आतल्या पुरवठ्याच्या दोन कॅपॅसिटरांवर (वीज साठवणाऱ्या भागांवर) प्रत्येकी ६८०० मायक्रोफॅरड क्षमता आणि सुमारे ३५ व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यानंतरही ते बराच वेळ भरलेले राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने त्यांची टोके जोडून ठिणगी पाडण्याची सवय अनेक दुरुस्ती करणाऱ्यांना आहे. तिने कॅपॅसिटर आणि स्क्रूड्रायव्हर दोन्ही दुखावतात. २२० ओहम, १० वॅटचा रोधक आवरण असलेल्या दोऱ्यांनी दहा सेकंद लावून धरला, मग मीटरवर शून्य पाहिले आणि त्यानंतरच हात आत घातला. पुतण्या शेजारी बसून होता. असे काम एकट्याने करू नये, असे मी त्यालाही सांगितले आहे.

डाव्या बाजूच्या दोषाचा संशय स्पीकर रिलेवर होता. ॲम्प्लिफायर सुरू केल्यावर काही सेकंदांनी जो ‘टक’ असा आवाज येतो तो याच रिलेचा. सुरुवातीचा धक्का आणि बिघाडातले एकदिश व्होल्टेज स्पीकरपर्यंत पोहोचू नये म्हणून तो असतो. त्याच्या चांदीमिश्र संपर्कांवर काळा थर चढला की लहान सिग्नलचे व्होल्टेज तो थर भेदू शकत नाही. आवाज वाढवला की व्होल्टेज वाढते, थर फुटतो आणि वाट मोकळी होते. आवाज लहान असताना बाजू मावळणे आणि मोठा केल्यावर परत येणे हे लक्षण दिसले, तर सर्वांत आधी रिलेकडे पाहावे. झाकण उघडे ठेवून, काळजीपूर्वक, एका हाताने मापन केले तेव्हा १.९८ व्होल्टच्या पातळीला डाव्या संपर्कावरच ०.४५ व्होल्ट पडत होते. हरवलेले व्होल्टेज सापडले.

रिलेचे पारदर्शक झाकण निघणारे आहे, म्हणून साफ करता आले. बंदिस्त रिले असता तर तो बदलण्यावाचून मार्ग नव्हता. जाड गुळगुळीत कागदाची अरुंद पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून संपर्कांच्या मध्ये घातली, वरची पाती बोटाने हलके दाबली आणि पट्टी ओढून घेतली. कागदावर काळी रेघ उमटली. रेघ उमटेनाशी होईपर्यंत हेच केले आणि शेवटी कोरडी पट्टी फिरवली. पॉलिश पेपर किंवा कानस येथे कधीही लावू नये. त्यांच्यामुळे पृष्ठभाग खरबरीत होतो, चांदीचा थर जातो आणि काही महिन्यांत दोष अधिक जोराने परततो.

डावीकडे आता १.९६ व्होल्ट. लहान आवाजातही आकडा हलत नाही.

त्यानंतर व्हॉल्यूम कंट्रोल आणि सिलेक्टर (सीडी की टर्नटेबल हे निवडणारी खुंटी). व्हॉल्यूमच्या आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर सरकणारी धातूची पाती असते. तिच्या टोकांजवळच्या फटीतून क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारून खुंटी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवली. नुसते द्रावण मारले तर आतले वंगण धुऊन जाते आणि खुंटी कोरडी, कडक लागते, म्हणून वंगण मागे ठेवणारा क्लीनर येथे योग्य. सिलेक्टरचे चांदीचे संपर्क पार काळे होते. तेही याच पद्धतीने फिरवून स्वच्छ झाले. फ्यूजच्या पितळी क्लिपा खोडरबराने घासल्या.

डावीकडची खरखर संपली, उजवीकडची निम्मी राहिली. व्हॉल्यूमच्या प्रवेशाच्या पिनेवर एकदिश व्होल्टेज मोजले तेव्हा कारण कळले: डावीकडे ४ मिलिव्होल्ट, उजवीकडे १८०. व्हॉल्यूमच्या आधीचा जोडकॅपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून एकदिश व्होल्टेज अडवणारा) गळका झाला आहे आणि त्यातून सुटणारे एकदिश व्होल्टेज पाती सरकताना खरखर निर्माण करते. हा दोष स्वच्छतेने जाणारा नाही. साफ करूनही खुंटी बोलत असेल तर पुन्हा फवारे मारत बसण्याऐवजी हे एक मापन घ्यावे. कॅपॅसिटर मागवला आहे.

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार

स्पीकरच्या तारा. उजव्या लाल टर्मिनलखालची तार सोडवली तर धाग्यांवर हिरवा कळंक होता आणि आवरणाच्या आत दोन सेंटीमीटरपर्यंत तांबे काळे पडले होते. काळे पडलेले धागे साफ करण्याच्या भानगडीत पडलो नाही. चकचकीत तांबे लागेपर्यंत तार कापली, नव्याने सोलली, पिळली आणि कथिलाचा मुलामा असलेले थिंबल दाबयंत्राने बसवले. तारेच्या टोकाला सोल्डर लावून ते स्क्रूखाली दाबण्याची पद्धत मी वापरत नाही. सोल्डर मऊ असते, सततच्या दाबाखाली हळूहळू सरकते आणि काही महिन्यांत स्क्रू सैल होतो. टर्मिनलची दांडी व नट अल्कोहोलने पुसून, जोड आवळल्यावर बाहेरून पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवला, म्हणजे खारी हवा आत शिरणार नाही.

१ अँपिअरला आता ४ मिलिव्होल्ट, तार हलवली तरी तेवढेच.

०.१८ ओहमने ८ ओहमच्या स्पीकरवर सरासरी घट फक्त ०.२ डेसिबलची होत होती. ती कानाला कळणार नाही. पण स्पीकरचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो, तो काही स्वरांना ६ ओहमपर्यंत उतरतो आणि काहींना २०-३० पर्यंत चढतो, त्यामुळे मालिकेत आलेला रोध स्वरांचा तोल थोडा बिघडवतो. त्यातही तो रोध बायाँच्या (तबल्यातल्या डग्ग्याच्या) प्रत्येक घुमकीसरशी बदलत असेल, तर ते मात्र ऐकू येते.

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीनंतर मुख्य विजेचा जोड पाहिला. तीन पिनांच्या प्लगमधले स्क्रू सैल होते आणि फेजच्या पिनेजवळचे प्लास्टिक किंचित पिवळे पडले होते, म्हणजे तेथे उष्णता होत होती. प्लग नवा बसवला. भिंतीतल्या सॉकेटचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घेतले. त्याने अर्थिंगचा जोडही तपासला.

घुमारा घालवण्यासाठी अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो पूर्णपणे चुकीचा आणि जिवावर बेतणारा आहे. अर्थची पिन लांब आणि जाड असते ती सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. यंत्राचे इन्सुलेशन फुटले तर २३० व्होल्ट धातूच्या पेटीवर येतात आणि त्या क्षणी तीच पिन माणसाला वाचवते. घुमाऱ्याचे कारण सिग्नलच्या जोडांत शोधावे, तेथे ते सापडते.

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार

कॅपॅसिटर बदलला. उजवीकडे व्हॉल्यूमच्या पिनेवर आता ३ मिलिव्होल्ट आहेत आणि खुंटी दोन्ही बाजूंना शांत फिरते. २०० हर्ट्झला डावीकडे १.९७, उजवीकडे १.९८ व्होल्ट. तानपुऱ्याची तबकडी लहान आवाजात पूर्ण ऐकली. नाद मध्यभागी राहतो आणि जवारीचे बारीक तरंग दोन्ही स्पीकरांमधून सारखे येतात.

रिले मात्र जुनाच आहे, आणि त्याच्या संपर्कांवर आतापर्यंतच्या झिजेचे खड्डे भिंगातून दिसतात. त्याच कॉइलच्या व्होल्टेजचा आणि निदान तेवढ्याच अँपिअर क्षमतेचा नवा रिले मेच्या शेवटी, पावसाआधी, बसवायचा आहे. ॲम्प्लिफायरवरचे प्लास्टिकचे आच्छादन काढून सुती कापड घातले आहे, कारण प्लास्टिकखाली ओल कोंडते. पावसाळ्यात संच रोज काही वेळ चालू ठेवायचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आत कोरडे राहील. आजचे सर्व आकडे आणि तारीख कागदावर लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. पुढची मोजमापे ऑक्टोबरमध्ये याच स्वरावर आणि याच टर्मिनलांवर घ्यायची आहेत.